गर्भनिरोधक गोळ्या आणि पाळीची तारीख : गोळी नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

गर्भनिरोधक गोळी नव्याने सुरू केलेल्या स्त्रीला पहिल्या दोन-तीन महिन्यांत जे प्रश्न पडतात, त्यांतले बहुतेक पाळीविषयी असतात. पाळी चार दिवस आधीच कशी आली, या वेळी दोनच दिवस कसे गेले, मधेच डाग का लागला, पाकीट संपत आले तरी पाळीचा पत्ता का नाही, असे ते प्रश्न. त्यांचे उत्तर वेळेवर न मिळाल्यामुळे घाबरून गोळी अर्ध्यावर सोडलेल्या आणि पुढे नको असताना दिवस गेलेल्या स्त्रिया मी जवळून पाहिल्या आहेत. या लेखात मुख्यतः एकच गोष्ट नीट उलगडून सांगायची आहे : गोळी चालू असताना पाळीची तारीख गोळ्यांचे पाकीट ठरवते. पाकीट वाचता आले की तारीख कळते, आणि तारीख चुकली तर ती का चुकली हेही बहुधा कळते.

आधी पाकीट हातात घ्या

पहिली गोळी घेण्यापूर्वी पाकीट उजेडात धरून शांतपणे पाहावे. सरकारी आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळणारी ‘माला-एन’ किंवा दुकानात अल्प किमतीत मिळणारी ‘माला-डी’ घेतली, तर एका पाकिटात २८ गोळ्या दिसतात. त्यांपैकी २१ पांढऱ्या गोळ्यांत संप्रेरके (हार्मोन्स) असतात : प्रत्येकीत ०.१५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल आणि ०.०३ मिलिग्रॅम इथिनिल एस्ट्राडिओल. उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या लोहाच्या असतात. त्यांचा गर्भनिरोधनाशी काहीही संबंध नाही. रोज गोळी घेण्याची सवय मोडू नये आणि रक्त कमी असलेल्या स्त्रीला थोडे लोह मिळावे, एवढ्यासाठीच त्या पाकिटात घातलेल्या आहेत.

माझ्या ओळखीच्या एका नवविवाहितेने पाकीट उलटे धरले आणि गडद गोळ्यांपासून सुरुवात केली. सात दिवस तिच्या पोटात फक्त लोह गेले, आणि आपण सुरक्षित आहोत अशा समजुतीत तिने तो आठवडा काढला. चूक तिची नव्हती, कारण पाकीट देताना ते उघडून दाखवण्याचे कष्ट कोणी घेतले नव्हते. म्हणून तुम्हाला पाकीट देणाऱ्या व्यक्तीला ‘पहिली गोळी कोणती?’ असे विचारायला आणि त्या गोळीवर पेनाने खूण करून घ्यायला संकोच करू नका.

खासगी कंपन्यांच्या काही पाकिटांत केवळ २१ गोळ्या असतात आणि ती संपल्यावर सात दिवस काहीच घ्यायचे नसते. काहींत संप्रेरकांच्या २४ आणि रिकाम्या ४ गोळ्या असतात. रचना वेगळी असली तरी पाळीचे गणित तेच राहते.

पाळी येते कशामुळे

गोळी घेत नसताना मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीच्या हुकमावरून बीजकोशात एक स्त्रीबीज वाढते, बीजकोशातून पाझरणाऱ्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होते, बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढते, आणि गर्भ राहिला नाही की सुमारे दोन आठवड्यांनी दोन्ही संप्रेरके एकदम उतरतात. आधार गेल्यामुळे अस्तर गळून पडते, तीच पाळी. बीज कधी बाहेर पडेल हे मात्र ताण, आजारपण, वजन यांवर अवलंबून असल्यामुळे पाळीची तारीख मागेपुढे होते.

गोळीतली संप्रेरके रोज ठराविक प्रमाणात रक्तात येऊ लागली, की पीयूषिका ग्रंथी बीजकोशाला हुकूम देणेच थांबवते. बीज पिकत नाही, बाहेर पडत नाही, आणि अस्तरही नेहमीइतके जाड होत नाही. २१ वी पांढरी गोळी संपली, की बाहेरून येणारी संप्रेरके थांबतात आणि साधारण दोन-तीन दिवसांत ते पातळ अस्तर गळते. गोळीवर येणारी पाळी ती हीच. नेहमीच्या पाळीपेक्षा ती कमी जाते, कमी दुखते आणि कमी दिवस टिकते, कारण गळायला मुळात फारसे काही तयारच झालेले नसते.

‘कमी गेले म्हणजे घाण रक्त आत साचले’ ही समजूत आपल्याकडे फार खोलवर रुजलेली आहे. कित्येकदा सासूबाई किंवा शेजारच्या काकू अगदी मायेपोटी ती सांगतात. पाळीचे रक्त घाण नसते, आणि गोळी घेताना ते आत साठूनही राहत नाही. जे अस्तर बनलेच नाही, ते साचणार कोठून? जास्त रक्त जाऊन पांढऱ्याफटक पडलेल्या स्त्रियांना तर डॉक्टर मुद्दाम याच गोळ्या लिहून देतात.

सुरुवात कोणत्या दिवशी करावी

त्याआधी गोळी आपल्याला चालेल की नाही, हे डॉक्टर किंवा परिचारिकेकडून तपासून घ्यावे आणि रक्तदाब मोजून घ्यावा. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक असणे, वय ३५ च्या पुढे असून धूम्रपान करणे, पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत पूर्वी गुठळी झालेली असणे, डोळ्यांपुढे झगझगाट होऊन सुरू होणारी अर्धशिशी, स्तनाचा कर्करोग किंवा यकृताचा गंभीर आजार, यांपैकी काहीही असेल तर ही संयुक्त, म्हणजे दोन संप्रेरकांची, गोळी घेऊ नये. अंगावर पाजणाऱ्या आईने बाळ सहा महिन्यांचे होईपर्यंत ती टाळावी. तिच्यासाठी दुसरी साधने आहेत, ती विचारून घ्यावीत.

पाळीच्या पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत केव्हाही पहिली पांढरी गोळी घेतली, तर त्याच दिवसापासून संरक्षण मिळते. दिवस गेलेले नाहीत याची खात्री असेल तर इतर कोणत्याही दिवशीही सुरुवात करता येते, मात्र तेव्हा पहिले सात दिवस निरोध वापरणे आवश्यक असते. नवख्या स्त्रीने शक्यतो पाळीच्या पहिल्याच दिवशी सुरू करावी असे मी सुचवेन, कारण तारीख मोजणे सोपे जाते आणि सुरुवातीला मधेच डाग लागण्याचे प्रमाणही कमी राहते.

कॅलेंडरवर खुणा करा

स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कॅलेंडर यासाठी पुरेसे आहे. समजा, ४ जानेवारीला, रविवारी पाळी आली आणि त्याच रात्री जेवणानंतर तुम्ही पहिली पांढरी गोळी घेतली. त्या चौकटीत एक टिंब द्या आणि रोज गोळी घेतल्यावर असेच टिंब देत जा. पांढऱ्या गोळ्या २४ तारखेला, शनिवारी संपतील. २५ पासून ३१ पर्यंत गडद गोळ्या, आणि पाळी बहुधा २७ किंवा २८ तारखेला, म्हणजे मंगळवारी किंवा बुधवारी येईल. १ फेब्रुवारीला पुन्हा रविवार असतो. त्या दिवशी पाळी चालू असो, संपलेली असो किंवा आलेलीच नसो, नवे पाकीट उघडायचे. दुसऱ्या पाकिटाच्या पांढऱ्या गोळ्या २१ फेब्रुवारीला संपतील आणि पाळी पुन्हा मंगळवार-बुधवारच्या सुमारास, म्हणजे २४-२५ तारखेला येईल.

यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की चक्र नेमके २८ दिवसांचे असल्यामुळे तारीख बदलली तरी वार बदलत नाही. ज्यांची पाळी पूर्वी ३५-४० दिवसांनी येत असे, त्यांना ती ‘लवकर आली’ असे वाटते ते यामुळेच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : नव्या पाकिटाचा दिवस पाळीवर अवलंबून नसतो. ‘पाळी अजून थांबली नाही, थांबल्यावर सुरू करते’ असे म्हणत दोन-तीन दिवस जाऊ दिले, की सात दिवसांची मोकळीक दहा दिवसांची होते, झोपलेला बीजकोश जागा होऊ लागतो, आणि गोळी घेत असतानाही दिवस राहतात. पाकीट उशिरा सुरू करणे ही या गोळीच्या बाबतीत होणारी सर्वांत धोक्याची चूक आहे, आणि ती बहुतेक वेळा अज्ञानातून होते.

मधेच डाग लागले तर

पहिल्या तीन महिन्यांत पांढऱ्या गोळ्या चालू असतानाच कपड्यावर तपकिरी डाग लागणे किंवा थोडेसे अंगावर जाणे हे पुष्कळ जणींना होते. अस्तर पातळ होऊन नव्या मात्रेशी जुळवून घेईपर्यंत ते कोठे कोठे सुटते, एवढाच त्याचा अर्थ. ती पाळी समजू नये आणि मुख्य म्हणजे गोळी थांबवू नये. थांबवली की खरोखरच रक्तस्राव सुरू होतो आणि संरक्षणही जाते. कॅलेंडरवर त्या दिवशी टिंबाशेजारी एक छोटी फुली करावी आणि ठरलेल्या वेळी गोळी घेत राहावे.

तीन महिन्यांनंतरही डाग लागत असतील, तर आधी स्वतःच्या सवयीकडे पाहावे. एक दिवस सकाळी, दुसऱ्या दिवशी रात्री, असे वेळेचे मागेपुढे होते का? गोळी घेतल्यापासून तीन तासांच्या आत उलटी झाली होती का? तसे झाले असेल तर आणखी एक पांढरी गोळी घ्यायला हवी होती. क्षयरोगाच्या उपचारातले रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे गोळीचा परिणाम कमी करतात, आणि पाळीच्या मधले डाग हे त्याचे पहिले चिन्ह असू शकते. यांपैकी औषध चालू असेल तर या गोळीवर विसंबू नये. डॉक्टरांना सांगून दुसरे साधन, उदाहरणार्थ तांबी, निवडावे. यांपैकी काहीच कारण नसेल, किंवा संबंधानंतर रक्त जात असेल, तर तपासणी करून घ्यावी. गर्भाशयाच्या मुखाचे आजारही असेच दिसतात.

गोळी विसरली तर पाळीचे काय होते

एक पांढरी गोळी विसरली, तर आठवेल तेव्हा ती घ्यावी आणि पुढची ठरल्या वेळी घ्यावी, मग एकाच दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालेल. संरक्षण जात नाही; एखादा डाग लागू शकतो.

लागोपाठ दोन किंवा अधिक पांढऱ्या गोळ्या राहिल्या, तर रक्तातली मात्रा इतकी उतरते की पाळीसारखा रक्तस्राव मधेच सुरू होऊ शकतो. येथे अनेक जणी फसतात : ‘पाळी आलीच आहे, आता हे पाकीट टाकून देऊ आणि पुढच्या महिन्यात नवे घेऊ.’ असे करू नये. शेवटची विसरलेली गोळी लगेच घ्यावी, त्याआधीच्या राहिलेल्या सोडून द्याव्यात, रोजचा क्रम पुढे चालू ठेवावा आणि सलग सात पांढऱ्या गोळ्या पोटात जाईपर्यंत निरोध वापरावा. पाकिटात सातपेक्षा कमी पांढऱ्या गोळ्या उरलेल्या असतील, तर त्या संपवून गडद गोळ्या फेकून द्याव्यात आणि दुसऱ्याच दिवशी नवे पाकीट सुरू करावे. त्या महिन्यात पाळी येणारच नाही किंवा नुसते डाग लागतील, आणि ते अपेक्षितच आहे. विसरलेल्या गोळ्या पाकिटाच्या पहिल्या आठवड्यातल्या असतील आणि त्या सुमारास संबंध आला असेल, तर तातडीच्या गोळीबद्दल डॉक्टरांना लगेच विचारावे. गडद गोळी विसरली तर काहीच बिघडत नाही.

पाळी आलीच नाही तर

सर्व पांढऱ्या गोळ्या वेळेवर घेतलेल्या असतील आणि तरी पाळी आली नाही, तर दिवस गेलेले असण्याची शक्यता फार कमी असते. अस्तर अतिशय पातळ झाल्यामुळे असे होते. नवे पाकीट ठरल्या दिवशी सुरू करावे. गोळ्या चुकलेल्या असतील, किंवा लागोपाठ दोन पाकिटे पाळी आली नाही, तर घरच्या घरी सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करावी. येथे कॅलेंडरवरची टिंबे उपयोगी पडतात : ‘मी सगळ्या घेतल्या असाव्यात’ आणि ‘मी सगळ्या घेतल्या आहेत’ यांत मनःशांतीचा मोठा फरक आहे.

पाळी पुढे ढकलायची असेल तर

गौरी-गणपती, घरातले लग्न, परीक्षा, प्रवास अशा कारणांनी पाळी पुढे जावी असे वाटणे आपल्याकडे नित्याचे आहे. पाळी असताना देवघरात जावे की नाही हा ज्या त्या घरचा प्रश्न आहे, पण गोळी जिच्या शरीरात जाणार तिनेच ती घ्यायची की नाही हे ठरवावे. मुलीच्या हातात कोणी परस्पर गोळ्या आणून ठेवाव्यात, हे मला मुळीच पटत नाही.

संयुक्त गोळी आधीपासून घेत असाल, तर वेगळ्या औषधाची गरजच नाही. २१ पांढऱ्या गोळ्या संपल्यावर गडद गोळ्या न घेता लगेच दुसऱ्या पाकिटातल्या पांढऱ्या गोळ्या सुरू कराव्यात. त्या चालू असेपर्यंत पाळी लांबते आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत येते. क्वचित मधे डाग लागतो. ही पद्धत सर्व पांढऱ्या गोळ्यांची मात्रा सारखी असलेल्या पाकिटालाच लागू आहे, आणि माला-एनची मात्रा तशीच सारखी असते.

गर्भनिरोधक गोळी चालू नसलेल्या स्त्रीला डॉक्टर सहसा ५ मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन दिवसातून तीन वेळा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून देतात. पाळी १० तारखेला येणार असेल, तर ७ पासून. गोळी थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांनी, कधी आठवड्याभराने पाळी येते. दुकानदाराला विचारून घेण्याचे हे औषध नव्हे. रक्ताची गुठळी पूर्वी झालेल्या स्त्रीला ते घातक ठरू शकते. आणखी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी : या गोळ्यांनी पाळी लांबते, गर्भधारणा टळत नाही. त्या काळात निरोध वापरावाच लागतो. तारीख आल्यावर गोळी सुरू केली तर ती बहुधा उपयोगी पडत नाही, म्हणून सणाचा विचार आधीच करावा.

छाया, तातडीची गोळी आणि इतर

‘छाया’ ही गोळी वर सांगितलेल्या हिशेबात बसत नाही. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेले सेंटक्रोमन हे तिच्यातले औषध संप्रेरक नाही. १९९१ पासून ते ‘सहेली’ या नावाने मिळते आणि पुढे ‘छाया’ या नावाने सरकारी कार्यक्रमात आले. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, दुसरी तीन दिवसांनी, अशा आठवड्याला दोन गोळ्या तीन महिने घ्यायच्या, आणि त्यानंतर पहिल्या गोळीचा जो वार असेल त्या वारी आठवड्याला एक. पहिली रविवारी घेतली तर दुसरी बुधवारी, आणि चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. छायेमध्ये पाळी पाकिटाप्रमाणे येत नाही. शरीर जुळवून घेईपर्यंत ती लांबते, कमी जाते, कधी दोन पाळ्यांमधले अंतर कायमच वाढते. पाळी आली नाही तरी गोळीचा वार चुकवायचा नसतो. पाळीला ठरल्या दिवसापेक्षा १५ दिवसांहून अधिक उशीर झाला, तर गर्भधारणेची चाचणी करावी. बीजकोशात गाठी असणाऱ्या किंवा नुकतीच कावीळ होऊन गेलेल्या स्त्रियांनी ती घेऊ नये.

असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी चांगली, अशी घ्यायची लेव्होनॉरजेस्ट्रेलची १.५ मिलिग्रॅमची तातडीची गोळी पुढची पाळी काही दिवस अलीकडे किंवा पलीकडे नेते. आठवड्याहून अधिक उशीर झाला तर चाचणी करावी. महिन्यातून दोन-तीनदा ती घेणाऱ्या मुलींची पाळी पार विस्कळीत होते आणि संरक्षणही अपुरे मिळते. अशा वेळी नियमित गोळी किंवा तांबी हाच योग्य मार्ग आहे.

फक्त प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक असलेली, विनाखंड घ्यायची गोळीही मिळते. तिच्यात रक्तस्रावाचा अंदाज बांधता येत नाही : कोणाला अधूनमधून डाग, तर कोणाला महिनोन्‌महिने पाळीच नाही.

लगेच दवाखाना गाठण्याची वेळ

संयुक्त गोळी घेताना एका पायाच्या पोटरीत दुखून सूज येणे, छातीत दुखणे किंवा अचानक दम लागणे, पूर्वी कधी झाली नाही अशी तीव्र डोकेदुखी, नजर अंधुक होणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा पोटात असह्य कळा येणे, यांपैकी काहीही झाले तर पाकीट संपण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जावे आणि आपण गोळी घेत आहोत हे न विचारता सांगावे, घरच्यांपुढे सांगणे अवघड वाटत असेल तरीही.

गोळी बंद केल्यावर

शक्यतो पाकीट पूर्ण करून थांबावे. थांबल्यावर दोन-तीन दिवसांत येणारी पाळी गोळीचीच शेवटची पाळी असते. शरीराची स्वतःची पाळी त्यानंतर साधारण चार ते सहा आठवड्यांनी येते, काहींना दोन-तीन महिने लागतात. बीज मात्र पाळीच्या आधी बाहेर पडते, त्यामुळे ‘पाळी सुरू झाल्यावर बघू’ असे म्हणणाऱ्या स्त्रीला पाळी न येताच दिवस राहू शकतात. मूल नको असेल, तर गोळी सोडल्याच्या दिवसापासूनच दुसरे साधन हवे. गोळी सुरू करण्यापूर्वी जिची पाळी अनियमित होती, तिची पाळी नंतरही अनियमित होऊ शकते. गोळीने ते लपवलेले असते, बरे केलेले नसते, आणि त्याचा दोष गोळीवर येतो.

तीन महिने उलटूनही पाळी आली नाही, तर चाचणी करून डॉक्टरांकडे जावे. जाताना गोळी सुरू केल्यापासूनची ती टिंबांची आणि फुल्यांची कॅलेंडरची पाने बरोबर न्यावीत, कारण डॉक्टर सर्वांत आधी शेवटच्या पाळीची तारीखच विचारतात.